हात लावून बघ

मासेमारीच्या बंदीचे महिने कोळीवाड्याला उपाशी ठेवत नाहीत, पण धड जेवूही देत नाहीत. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झोपवलेल्या असतात आणि माणसं मात्र जागी. नारळी पुनवेकडे डोळे लावून बसलेल्या वरळीच्या त्या गल्लीत दीपेशचं घर अगदी टोकाला, समुद्राच्या अंगाला होतं. बंदीत तो खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या होड्या दुरुस्त करायला जायचा. त्याची आई रखमा वरळी नाक्याला बसून ट्रकने आलेली बर्फातली मासळी विकायची. बायको शेफाली लग्न होऊन आल्यापासून सासूच्या शेजारीच बसत होती. पण यंदा एका पाटीवर दोन बायका बसवण्याइतका धंदाच राहिला नाही, म्हणून ती डिलाईल रोडला गाड्या पॉलिश करण्याच्या दुकानात लागली. कोळीवाड्यातल्या बायका हसल्या. मासळी चमकवणारी आता गाड्या चमकवते म्हणाल्या. शेफालीही हसली. हसण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं, आणि हाताचंच तर सगळं भय होतं.

बर्फ मात्र सुटला नव्हता. सकाळी लादी आली की दोघी सासू-सुना मोरीजवळ बसायच्या. लादी गोणपाटात गुंडाळून वर मोगरी हाणायची, चुरा थर्माकोलच्या खोक्यात भरायचा, मासे त्यात निजवायचे, वर पुन्हा चुरा. सगळं उघड्या हातांनी. रखमाचा जन्म त्यात गेला होता. चुलीवरचं भाताचं टोप ती फडकं न घेता उतरवायची आणि म्हणायची, "आमच्या हाताला इस्तव पण भितो." पाहुण्यांसमोर तर मुद्दाम उतरवायची.

शेफाली त्या हातांकडे बघायची आणि नजर वळवायची. कारण गेल्या पावसाळ्यापासून तिच्याही उजव्या हाताला काही लागेनासं झालं होतं. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवा. चहाचा ग्लास हातात असताना तो गरम आहे हे तिला वाफ बघून कळायचं. दुकानात लागल्यापासून पॉलिशच्या मशीनच्या थरथरीने त्यात भरच पडली होती. मशीन बंद केलं तरी हात आतून घुंघुं करत राहायचा.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बकुळाने सांगितलं होतं, आणि तिचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बकुळाची बोटं बधिर झाली, ती मोकळेपणाने बोलून बसली, आणि चार दिवसांत तिच्या हातची मासळी कोणी घेईना. डॉक्टरने महारोग वगैरे तसलं काही नाही म्हणून छातीठोक सांगितलं, पण डॉक्टर काही नाक्यावर येऊन गिऱ्हाइकांना सांगत बसला नाही. तेव्हापासून कोळीवाड्यातल्या ज्या बायकांच्या हाताला कळत नसे, त्या हात कणखर आहे म्हणत. रखमाही तेच म्हणत होती.

त्या सकाळी बर्फ फोडून दोघी उठल्या तेव्हा शेफालीची शाळकरी लेक ओवी अजून गोधडीतच होती. एरवी ती बर्फाचा तुकडा चोखायला सगळ्यात आधी हजर असायची.

"मम्मी, थंडी वाजते," ती म्हणाली.

"पावसाचे दिवस आहेत, वाजणारच."

दीपेश डबा घेऊन निघाला होता. जाता जाता त्याने लेकीच्या गालाला हात लावला. "जरा कोमट वाटते गं ही."

"पुरुषांना ताप कधी कळलाय?" रखमा म्हणाली. "तुला लहानपणी ताप आला ना, तेव्हा तुझा बा शेजारी बसून तुला पेरू भरवत होता." तिने पुढे होऊन आपला रुंद पंजा ओवीच्या कपाळावर ठेवला. "थंड हाय. शाळा चुकवायची नाटकं. परवापास्ना चाललीत."

शेफालीनेही हात ठेवला. तिला काहीच लागलं नाही. ना गरम, ना गार. आणि काही लागलं नाही म्हणजे ताप नाही, असं ती धरून चालली. सासूनेही नाहीच म्हटलं होतं. आईचा हात आणि आजीचा हात एका मताचे झाल्यावर बापाचं कोण ऐकतो? दीपेश खांदे उडवून निघून गेला.

"शाळेत नको धाडू आज," रखमा नातीला जवळ घेत म्हणाली. "माझ्यासंगट नाक्याला बसंल. सुट्टी दिली का बघ कशी पळते."

ओवी पळाली नाही. आजीच्या पदराला धरून गुमान चालू लागली.

डिलाईल रोडचं दुकान म्हणजे एका जुन्या चाळीखालचा लांबट गाळा. तीन गाड्या आत, बाकीच्या रस्त्यावर. मालक उन्मेष दादरचा, इंजिनियर झालेला, नोकरी सोडून यात पडलेला. बोलायला गोड, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याचा आवाज बदलायचा. मशीनचं खरं काम चंदूमामाचं. तो मालवणकडचा, उभा जन्म गॅरेजात गेलेला, आणि शेफालीला मशीन धरायला त्यानेच शिकवलं होतं.

"बाय, पत्रो आणि प्लास्टिक एक नाय," तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "पत्रो तापलो तर ऊब सगळीकडे वाटून टाकता. प्लास्टिक कंजूष. गरम झालां की एकाच जाग्यार धरून ठेवता, आणि वरचो रंग बिचारो शिजता. म्हणून बंपर दिसलो की मशीन हळू ठेव. कडेक टेप मार, थय रंग पातळ आसता. जोर देव नको. एका जाग्यार उभी रवा नको. जरा फिरव, थांब, पूस, आणि हात लावून बघ. चटको बसलो तर मशीन खाली ठेव नि चाय पी."

"हात लावते ना मी," शेफाली म्हणाली होती.

"तळहात नको गो. तुमचो कोळणींचो तळहात म्हणजे लाकूड. मनगटाची वरची बाजू लाय. आमचो उस्ताद तर गाल लावी."

शेफालीने एकदा खरंच गाल लावून बघितला होता. मनगटावरही तिचा आता विश्वास राहिला नव्हता. गाडीपुढे उकिडवं बसून, मान वाकडी करून तिने बंपरला गाल टेकवला, आणि मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने मोबाइल काढला. "अरे वा, ताई गाडीची पापी घेतायत." दुकानातली पोरं खिदळली. चंदूमामा त्यांच्यावर खेकसला, पण शेफालीचे कान दिवसभर जळत होते. त्यानंतर तिने गाल कधी लावला नाही. चारचौघांसारखा हात लावायची, मान डोलवायची आणि मनातल्या मनात फेऱ्या मोजायची. इतक्या फेऱ्यांत तापत नाही, असा तिचा अंदाज. अंदाज आजवर बरोबर येत गेला, आणि प्रत्येक वेळी ती आतल्या आत घाबरून घामेजत गेली.

आज चंदूमामाची कंबर धरली होती, तो आला नव्हता. आणि दारात काळी गाडी उभी होती.

"हा पुढचा बंपर," उन्मेष म्हणाला. "बाहेरून नवीन रंगवून आणलाय. रंगात धुळीचे कण बसलेत, ते काढायचे आणि चमक आणायची. संध्याकाळी न्यायला येतील. मामा नाहीत, तू करशील ना?"

"मामा उद्या येतील, तेव्हा..."

"उद्या नाही चालणार. तू केलंयस की आधी."

काळा रंग आणि तोही ताजा. काळ्यावर धूळ बसली तरी दिसते. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. शेफालीने बंपर धुतला, पुसला, कडांना आणि दिव्यांच्या भोवती पिवळी टेप मारली. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क लावला, वायर खांद्यावरून मागे टाकली. मशीनच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे पॉलिशच्या लेपाचे, ठिपके घेतले, मशीन टेकवलं आणि मग चालू केलं.

मधला सपाट भाग बरा गेला. जरा फिरवायचं, थांबायचं, पुसायचं, तळहात ठेवायचा. हात काही सांगत नव्हता, पण फेऱ्या जमत होत्या. उजवीकडच्या कोपऱ्यात बंपर वळत होता, तिथे कण दाट होते. मशीन तिथे थोडं जास्त रेंगाळलं. तेव्हाच तिला आठवलं, ओवीने सकाळी बर्फाचा तुकडा मागितला नाही.

ती फेऱ्या विसरली. मोजणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. थांबली, पुसलं, हात ठेवला. काही नाही. म्हणजे थंड. पुन्हा मशीन लावलं. कोपऱ्यातले कण हट्टी होते, मशीन तिथल्या तिथे घुटमळत राहिलं. पुन्हा हात ठेवला. काही नाही.

वास आधी आला. मास्कमधूनही आला. नखांना लावायच्या रंगासारखा, पण करपलेला. तिने मशीन बंद केलं. आतल्या टेबलावरून उन्मेष उठून धावत आला.

"कसला वास आहे? शेफाली, काय केलंस?"

"थंड आहे सर. आत्ताच हात लावून बघितलं." बोलताना तिचा तळवा अजून त्या कोपऱ्यावरच होता.

उन्मेषने तिच्या हाताशेजारी बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. तो बोटं फुंकत राहिला आणि तिच्या पंज्याकडे बघत राहिला. पंजा तिथेच होता.

"अगं, भाजतंय हे," तो म्हणाला. "हात काढ आधी. तुला कळत नाहीये?"

तिने हात काढला. खाली रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. तळव्यावर लाल चट्टा उठला होता. तो चट्टा तिने बघितला, पण तो तिचा वाटला नाही. बंपर आता कोणी बघायचा? तिच्या डोळ्यांपुढे सकाळचं कपाळ आलं. याच हाताने तिने ते तपासलं होतं. आणि या हाताहून निबर हाताने रखमाने.

तिने कमरेला खोचलेला फोन काढला. तिसऱ्या खेपेला रखमाने उचलला. मागे नाक्याचा गलका होता.

"आये, ओवी कुठे आहे?"

"हाय की. झोपलीय माझ्या बाजूला."

"उठव तिला."

"कशाला? गुमान निजलीय. मघाशी काय बाय बडबडत होती झोपेत, आता गप हाय."

"आये, ताप आहे का बघ."

"हात लावला ना मी. सारखी लावते. थंडगार हाय."

रखमाने ताप आहे म्हटलं असतं तर शेफाली एवढी घाबरली नसती. "बाजूवाल्या बाईला हात लावायला सांग," ती म्हणाली, पण तोवर रखमाचं गिऱ्हाईक आलं होतं आणि फोन पदरात गेला होता. दीपेशचा फोन लागत नव्हता. खाडीपलीकडे तो कधीच लागत नसे.

"सर, मला जायला पाहिजे."

"जायला पाहिजे म्हणजे?" उन्मेषचा आवाज गिऱ्हाइकाच्या फोनवरचा झाला होता. "हा कोपरा परत रंगवायला लागणार. त्या माणसाला मी काय सांगू? तू इथे उभी राहा आणि काय झालं ते तूच सांग."

दुकानातली पोरं काम थांबवून बघत होती. जी गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती, सासूला सांगितली नव्हती, ती त्या सगळ्यांसमोर तिच्या तोंडून बाहेर पडली.

"सर, माझ्या हाताला कळत नाही. गरम नाही, गार नाही. खूप दिवस झाले. मी कुणाला बोलले नाही. सकाळी माझी पोरगी थंडी वाजते म्हणाली आणि मी ह्याच हाताने बघून ताप नाही म्हटलं." तिने लाल तळवा पुढे केला. "आता तुम्हीच सांगा, मी थांबू?"

उन्मेषने तळव्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे. त्याचा राग गेला नव्हता. "जा," तो एवढंच म्हणाला आणि बंपरपुढे उकिडवा बसला.

टॅक्सी मिळाली, पण रस्ता मिळेना. पुलाखाली बस आडवी अडकली होती आणि पावसाची बारीक बुरबुर लागली होती. टॅक्सीवाला खिडकीतून हात बाहेर काढून तंबाखू झाडत होता. शेफाली त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती, भय्या, जल्दी, आणि तो पुन्हा पुन्हा पुढच्या बसकडे बोट दाखवत होता. परवापास्ना चाललीत नाटकं, हे रखमाचं वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं. परवा. परवा रात्री ओवी तिच्या कुशीत झोपली होती. दोघींच्या मध्ये साडी होती, वर गोधडी होती, आणि दिवसभर मशीन धरून ती मेल्यासारखी पडली होती. पोर जळत होती की नव्हती? तिला आठवेना. देवीला काय बोलावं तेही सुचेना. शेवटी तिने टॅक्सी सोडली आणि साडी वर खोचून धावत सुटली.

रखमा छत्रीखाली बसली होती. समोर बांगडे, सुरमईचे तुकडे, बर्फ. तिच्या मागे गोणपाटावर ओवी निजली होती, खोक्याला पाठ लावून. पाझरलेल्या बर्फाच्या पाण्याने तिचा फ्रॉक एका अंगाने भिजला होता.

शेफालीने हात पुढे नेला आणि मध्येच आवरला. ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि लेकीच्या कपाळाला गाल टेकवला. मागे कोणी बघत होतं का, हसत होतं का, तिला माहीत नाही.

चटका बसला. तिने गाल उचलला नाही.

"काय गो झाला?" रखमा म्हणाली. "काम टाकून आलीस? थंड हाय ना?"

"आये, उठ. पोरगी भाजतेय."

"मी आत्ता हात..." रखमा बोलता बोलता थांबली. तिने आपला पंजा डोळ्यांसमोर धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. मग पाटी तशीच टाकून ती उठली. आयुष्यात तिने मासळीची पाटी उघडी टाकली नव्हती.

सरकारी दवाखान्यात ओवीला आत घेतलं. थर्मामीटर बघून नर्सने लगबगीने कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, रक्त काढलं, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, दिवसभर उभी राहून दमलेली. तिने ओवीच्या पापण्या उलटून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं.

"ताप कधीपासून आहे?"

शेफालीने रखमाकडे बघितलं. रखमाने शेफालीकडे बघितलं.

"अहो, कधीपासून? आज आला, काल आला? त्यावर सगळं ठरतं. डेंग्यू आहे की आणखी काय, औषध काय द्यायचं... घरात कुणी हात लावून बघितलं नाही का?"

"बघितलं," शेफाली म्हणाली.

"परवापासून," ओवी म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि आवाज खोल गेला होता. "मी सांगितलेलं. मम्मीने हात लावला. आजीने लावला. दोघी बोलल्या नाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दोघी नाही म्हणाल्या म्हणजे नसणारच, असं त्या पोरीने मानून टाकलं होतं आणि आजचा दिवसही तसाच कुडकुडत काढला होता. डॉक्टरीणबाईने कागदावर परवा लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. रिपोर्ट उद्या येणार होता. उद्यापर्यंत काय, ते कोणीच सांगत नव्हतं.

खिडकीबाहेर दिवस कलत होता. शेफाली खाटेच्या एका बाजूला उभी होती, रखमा दुसऱ्या बाजूला. नाक्यावर गिऱ्हाइकांना नाचवणारी ती बाई आता दोन्ही हात पदराखाली घालून उभी होती. ती हळूच म्हणाली, "शेफाले, बघ ना गो. उतरला काय?"

शेफालीने वाकून लेकीच्या गालाला गाल लावला. ऊब होती, पण मघाएवढीच की कमी, हे तिला ठरवता येईना. भीतीने आता गालावरचाही विश्वास उडाला होता.

"आये, तूच बघ," ती म्हणाली.

"मना काय कळतंय," रखमा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

"हाताने नको. गाल लाव."

रखमा खाटेच्या दांडीला धरून सावकाश वाकली. ओली पट्टी तिने दाताने बाजूला ओढली, हात लावला नाही. मग आपला सुरकुतलेला गाल नातीच्या कपाळाला टेकवला. ती तशीच राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढी?" ती सुनेला म्हणाली. "एवढी तापलेली, माझ्या बर्फाजवळ निजलेली?"

पलीकडून नर्स पुन्हा थर्मामीटर घेऊन येत होती, आणि दोघी तिला वाट द्यायला बाजूला झाल्या.